वहीतलं विचारायचं नाही

आमच्या मराठीच्या बाईंनी पुस्तकातल्या माणसांची जेवढी काळजी वाहिली, तेवढी अख्ख्या खानदेशात कोणी सख्ख्या नातेवाइकांची वाहिली नसेल. जिवंत माणसांचीही त्या वाहायच्या, नाही असं नाही, पण त्यांचा नंबर जरा मागे लागायचा. सोमवारी सकाळी धुळ्याहून दोन एसट्या बदलून, केसांवर रस्त्याची धूळ घेऊन बाई वर्गात शिरायच्या आणि 'बसा' म्हणायच्या आतच बोलून जायच्या, "मला काल दिवसभर वाटत होतं, त्या धाकट्यानं पत्राचं उत्तर द्यायला हवं होतं." नवीन पोराला वाटायचं, बाईंच्या घरी काहीतरी बिनसलंय. घरी सगळं ठीक असायचं. बिनसलेलं असायचं कादंबरीत.

मी हे पंजाबातून लिहितोय. इथे केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत, आम्ही त्यांना चेंबर म्हणतो. सावद्याकडून हिरवीगार निघालेली केळी काही दिवसांनी इथे माझ्या हातात पडतात. नववी अर्धी झाली तेव्हा शाळा सुटली, तेव्हापासून मी इकडेच. सावद्याजवळच्या आमच्या शाळेचा अंक निघणार आहे, जुन्या विद्यार्थ्यांनी बाईंबद्दल लिहून द्यावं, असा निरोप आला, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांत आपण धरले जातो का हे विचारायला मी दोनदा फोन केला. धरले जातो म्हणाले. जूनपासूनचं वर्ष बाईंच्या नोकरीचं शेवटचं. आणि त्याच फोनवर मला कळलं की नववीला डायरी लिहायला लावणं बाईंनी कधीचंच बंद केलंय. मी गेलो त्याच वर्षी, आणि माझ्यामुळे. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. शाळा सोडायच्या आधी बाईंनी एकदा तरी पुन्हा त्या वह्या वाटाव्यात, एवढ्यासाठी हे लिहायला बसलोय. कौतुक आपोआप येईलच मध्ये.

डायरीचा प्रकार असा होता. शाळेच्या कपाटात एक जाडजूड कादंबरी होती. कव्हर गेलेलं, सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली. तिचं नाव बाईंना माहीत होतं, पण त्या सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, "नाव कळलं की तुम्ही जळगावला जाऊन तिचं गाईड शोधाल." नदीकाठच्या एका घराची गोष्ट. तापट सासरा, सोसणारी सासू, दोन मुलगे, थोरली सून, आणि येणारेजाणारे. बाई आठवड्याला एक प्रकरण वाचून दाखवायच्या आणि आम्ही आपापलं एकेक पात्र होऊन रोज त्याची डायरी लिहायची, कमीत कमी दहा ओळी. आता कादंबरीत माणसं तेरा-चौदा आणि वर्गात आम्ही पन्नासच्या वर. दुसरं कोणी असतं तर एकेक पात्र चार-चार जणांत वाटून मोकळं झालं असतं. बाईंना ते पटलं नाही. "एका माणसाच्या चार डायऱ्या कशा असतील रे?" मग त्यांनी घरचा बैल दिला, कुत्रं दिलं, उंबरठा दिला, परसातली विहीरसुद्धा दिली. विहीर आली माझ्या शेजारी बसणाऱ्या माझ्या मित्राच्या वाट्याला. तो मुळातच तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याची पहिली डायरी होती, 'आज पाणी काढलं. काल पण काढलं होतं.' बाईंनी खाली लाल शाईनं लिहिलं, 'वाकून बघणाऱ्यांचे चेहरे कसे दिसतात?' पठ्ठ्यानं पुढच्या आठवड्यात चार पानं भरून आणली. माणसं चारचौघांत जे चेहरे कधी करत नाहीत ते विहिरीत वाकल्यावर करतात, असं त्यानं लिहिलं होतं. आज तो एसटीत कंडक्टर आहे आणि थांबवता थांबत नाही इतका बोलतो.

मला गाडीवान मिळाला. हा गाडीवान सबंध कादंबरीत एका वाक्यापुरता येतो. धाकट्या मुलाला स्टेशनवर सोडतो आणि काही न बोलता गाडी परत वळवतो, झालं. मी रडवेला होऊन टेबलापाशी गेलो.

"बाई, हा पुढे कुठेच नाही. मी काय लिहू?"

"पुढे तो लेखकाला दिसला नाही. पण घरी तर गेला असेल ना?"

"गेला असेल."

"जेवला असेल?"

"असेल."

"काय जेवला?"

माझ्या डोळ्यांपुढे आमचीच चूल आली, तव्यावर ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. "कळण्याची भाकरी."

"मग एवढंच लिही. आणि शेजारी कोण जेवायला बसलं होतं, तेही लिही."

शनिवारच्या तासाला हजेरी पात्रांच्या नावानं व्हायची. "सासरा?" "हजर." "पोस्टमन?" "हजर." "बैल?" बैल झालेला पोरगा नुसती मान हलवायचा आणि बाई गंभीरपणे खूण करायच्या. डायरीतल्या शुद्धलेखनाला त्यांनी कधी हात लावला नाही. "गाडीवान शाळेत गेला नाही, त्याचं मी काय तपासू? तुझं निबंधात बघते." एरवी बाईंचं मराठी पुस्तकासारखं, पण रागावल्या की ती भाषा थेट धुळ्याची गाडी पकडायची. "बठ्ठा गप बसा. कोन बोली ऱ्हायना तिकडे?" अशी अहिराणी सुरू झाली की बैलसुद्धा मान खाली घालायचा. आणि इतकी वर्षं केळीच्या मुलखात राहून बाईंनी केळं कधी खाल्लं नाही. पालक कौतुकानं फण्याच्या फण्या खोलीवर पोचवायचे, बाई तोंडभर आभार मानायच्या आणि दुसऱ्या दिवशी ती सगळी आमच्यात वाटून टाकायच्या. आमच्या घरांतून आलेली केळी आमच्याच पोटात जायची, पण बाईंच्या हातून आली म्हणून ती गोड लागायची.

पुस्तकातलं दुःख बाई घरच्यासारखं पाळायच्या. एका प्रकरणात ती सासू वारली. दुसऱ्या दिवशी बाई पांढरी सुती साडी नेसून आल्या, आवाज बसलेला. नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "साहेब, आज पोरं फार उत्तरं देणार नाहीत. घरात सुतक आहे."

साहेब हळहळले. "अरेरे. कोण गेलं?"

"सासूबाई."

साहेब बिचारे उठून उभे राहिले, म्हणून आम्हीही उठलो. मिनिट-दोन मिनिटं कोणी हललं नाही. तेवढ्यात पहिल्या बाकावर सासरा झालेल्या पोराला खरोखरीचं रडू फुटलं, कारण त्याला त्याच दिवशीची डायरी लिहायची होती. साहेबांनी जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको बाळा. आजी होती का तुझी?"

तो म्हणाला, "नाही साहेब, बायको."

साहेब चहा न घेता गेले. शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण खरा गोंधळ झाला तो थोरल्या सुनेच्या डायरीनं. ही सून पुढे घर सोडून जाते. तिची डायरी लिहिणारी मुलगी आमच्या वर्गातली सगळ्यांत साधी, वेणीला रोज तेल लावून येणारी. तिनं वहीत लिहिलं होतं, 'शुक्रवारी सकाळी सगळे शेतात गेले की मी निघणार. चावी तुळशीत ठेवीन. आता या घरात माझ्याच्याने राहवत नाही.' ती वही तिच्या वडिलांच्या हाती लागली. गाव त्यांना नाना म्हणायचं. नाना कोणाला काही बोलले नाहीत. शुक्रवारी सहा वाजल्यापासून ते स्वतः बसस्टँडवर, त्यांचा एक भाऊ यावलच्या रस्त्याला, दुसरा सावद्याच्या रस्त्याला, दोघं मोटारसायकलवर, आणि मुलीची आई दिवसभर तुळशीपाशी बसून. मुलगी रोजच्यासारखी डबा घेऊन शाळेत आलेली. अकरा वाजता नाना, दोन्ही भाऊ आणि मागे निम्मं गाव शाळेच्या पटांगणात आलं. नानांच्या हातात वही होती.

"बाई, तुमी आमच्या पोरीले हे काय शिकवून राह्यल्या? हे पाहा, काय लिहेल आहे."

बाईंनी वही हातात घेतली, शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "नाना, सुरेख लिहिलंय हो."

नानांचा पारा आणखी चढला. मग बाईंनी कपाटातून ती कादंबरी आणली, व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या आणि सून जायचं ठरवते ते प्रकरण सगळ्यांसमोर वाचायला घेतलं. सासऱ्यानं सुनेच्या माहेरचं पत्र फाडून चुलीत टाकलं, तिथवर आल्या तेव्हा पटांगणातली माणसं व्हरांड्यापर्यंत सरकून आली होती. प्रकरण संपलं. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग? गेली ती?"

"पुढच्या शुक्रवारी कळेल."

"तो सासरा लयच हरामी आहे, बाई. त्याले कोनी सांगत कसं नाही?"

त्यानंतर चार-पाच शुक्रवार नाना मागच्या बाकावर येऊन बसले आणि सासरा झालेल्या पोराकडे ते वर्षभर वाकड्या नजरेनंच पाहत. पण त्या दिवशी उठायच्या आधी बाईंनी सगळ्या गावासमोर एक गोष्ट वदवून घेतली. त्या म्हणाल्या, "वही पात्राची आहे, पोरांची नाही. वहीत काही लिहिलं म्हणून पोराला कोणी जाब विचारायचा नाही. ते खरं का खोटं, तेही विचारायचं नाही. तुम्ही नही, मी बी नही." नानांनी मान डोलावली. गावानं मान डोलावली. आणि मी भिंतीला टेकून उभा होतो, मला एकदम जाणवलं की जगात अशी एक जागा तयार झाली आहे जिथे काहीही लिहिलं तरी कोणी काही विचारणार नाही.

त्याच आठवड्यात माझा बाप केळीच्या बागेत घड वाहताना ओल्या पाटात घसरला, कंबर मोडली आणि खाटेवर पडला. घरी मी थोरला. शाळेत मी कोणाला काही सांगितलं नाही, विहिरीलासुद्धा नाही. गाडीवानाला मात्र सांगितलं. म्हणजे गाडीवानाला बाप आहे असं मी ठरवलं, आणि तो पडला असं लिहिलं. 'आज बापाला धरून बसवलं. त्याला माझ्यापुढे लाज वाटते, म्हणून तो माझ्याकडे न बघता छपराकडे बघतो.' 'आईनं दोन भाकरी माझ्या ताटात टाकल्या आणि आपलं झालं म्हणाली. तिचं झालं नव्हतं.' 'बैलाला पण समजलंय. तो गाडी हळू ओढतो.' पूर्वी दहा ओळी भरताना मला घाम फुटायचा, आता पान पुरायचं नाही.

बाईंना ते फार आवडलं. इतकं, की एका शनिवारी त्यांनी ती पानं वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली. वाचता वाचता थांबल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझा बाप घरी खाटेवर पडलेला होता आणि त्याच्यासाठी इथे टाळ्या वाजत होत्या. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, तेवढं हलकं मला त्या दिवसांत दुसऱ्या कशानंच वाटलं नाही. वही परत मिळाली तेव्हा खाली लाल शाईनं लिहिलेलं होतं, 'बाप डोळ्यांपुढे उभा राहिला.' पुढे आणखी दोन शब्द होते, 'कुठून सुचतं?' आणि ते दोन शब्द बाईंनी आडवी रेघ मारून खोडले होते. ते विचारणं झालं असतं ना.

मामा केळीचा ट्रक चालवायचा. तो म्हणाला, पोराला घेऊन जातो, तिकडे काम आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी गाडीवानाची डायरी लिहिली. 'रविवारी सकाळी निघायचं आहे. या खेपेला गाडी स्टेशनपाशी थांबणार नाही, पुढे जाईल. बैलांचं सांगून ठेवलंय. परत कधी ते ठरलेलं नाही.' शनिवारी वही दिली. दुपारच्या गाडीनं बाई वह्यांच्या दोन पिशव्या घेऊन धुळ्याला गेल्या. रविवारी ट्रक बसस्टँडवरून गेला तेव्हा मी काचेतून तिकडे बघितलं. बाई तिथे असणं शक्यच नव्हतं, तरी बघितलं.

पुढचं मला आत्ता, त्या अंकाच्या फोननंतर, मित्राकडून कळलं, त्या विहिरीकडून. सोमवारी बाई आल्या, वह्या वाटायला लागल्या. "गाडीवान?" कोणी हजर म्हणालं नाही. मित्र उठून म्हणाला, "बाई, तो काल गेला. मामासोबत, ट्रकवर." बाईंनी हातातली वही उघडली. त्यांनी आत लिहून आणलं होतं, 'सुंदर. पण याला लवकर परत आण. मला त्याची सवय झाली आहे.' तास तसाच सोडून त्या आमच्या घरी गेल्या. आई सांगते, बाई दारातच थांबल्या, आत येईनात. आत खाटेवर माझा बाप पडलेला होता आणि परकं माणूस आलं म्हणून छपराकडे बघत होता. बाईंनी त्याला आधी कधी पाहिलेलं नव्हतं, पण ओळखलं.

त्या आठवड्यात बाईंनी वर्गातल्या सगळ्या वह्या परत घेतल्या. त्यानंतर नववीला निबंध आणि पत्रलेखन, बस. कादंबरी मात्र त्यांनी अर्धी टाकली नाही. दर बुधवारी शाळा सुटली की आमच्या घरी येऊन, खाटेशेजारी पाट घेऊन, ती त्यांनी माझ्या बापाला वाचून दाखवली, शेवटच्या पानापर्यंत. बाप आता काठी धरून चालतो. फोनवर मला कादंबरीतल्या माणसांबद्दल असं सांगतो की इथले लोक विचारतात, तुझे हे काका कोणते.

मागच्या महिन्यात बाईंचा फोन आला. तेरा वर्षांनी आवाज ऐकला. मी चेंबरमध्ये होतो.

"आवाज का कापतोय रे तुझा? ताप आहे का?"

"थंडी आहे बाई इथे आत."

"मग बाहेर ये. आधी बाहेर ये, मग बोल."

मी बाहेर उन्हात आलो. बाईंनी आईचं विचारलं, जेवणाचं विचारलं, इथे भाकरी मिळते का ते विचारलं. मग म्हणाल्या, "तुला एक विचारायचं होतं." मला कळलं काय विचारायचंय ते, वहीतलं सगळं खरं होतं का, आणि त्यांनी तेव्हाच विचारायला हवं होतं का. त्यांना त्रास नको म्हणून मी हसत म्हणालो, "बाई, विचारायचं नाही असं ठरलंय ना."

"हो रे," त्या म्हणाल्या. "ठरलंय खरं."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना उत्तर देऊन बसलो आहे, तेही सगळ्यांत वाईट तऱ्हेनं, त्यांचाच नियम त्यांच्यापुढे करून. म्हणून इथे नीट देतो. बाई, ते खरं होतं. भाकरीचं, छपराचं, रविवारचं, सगळं. फक्त बैल आमच्याकडे नव्हता. पण तुम्ही त्या वेळी विचारलं असतं, तर मी नाही म्हणालो असतो आणि वही तिथेच मिटली असती. मग मी कोणालाच काही सांगितलं नसतं, आणि ट्रकमध्ये तेवढं सगळं घेऊन बसलो असतो. मी गेलो तो बाप पडला म्हणून. तुमच्या वहीमुळे नाही गेलो. त्या वहीमुळे एवढंच झालं की जाताना मी सांगून गेलो. काचेतून बसस्टँडकडे बघितलं, तेही खोटं नाही. मी सांगून गेलो, आणि तुम्ही थांबवायला याल असंही वाटलं, दोन्ही असू द्या.

आता सुट्टी आहे, तुम्ही धुळ्याला असाल. उन्हं उतरल्यावर अंगणात पाणी मारत असाल, आणि कोणत्या तरी पुस्तकातलं कोणी तरी डोक्यात घोळत असेल. मी इथे केळी उतरवतो तेव्हा एखाद्या खोक्यावर आपल्याकडच्या गावाचं नाव दिसतं, आणि ते खोकं मी उगाच जरा सावकाश ठेवतो. जूनमध्ये नववीला नवीन पोरं येतील. त्यांच्यात एखादा असेल, घरचं कोणाला न सांगणारा. तो कोण, ते तुम्हाला आता ओळखता येईल. ओळखलंत तर बुधवारी जसं आमच्या घरी गेलात तसं त्याच्याही घरी जा, थोडं लवकर. पण आधी त्याला वही द्या, बाई. वही मिळाली नाही, तर तो काहीच लिहिणार नाही.